उसना गडी

उमरतळं स्टेडियममध्ये कोल्हापूरनं शेवटची मॅच बघितली, त्याला इतकी वर्षं झाली होती की पेठेतल्या पोरांच्या लेखी ते स्टेडियम नव्हतंच. ती नुसती एक लांबलचक भिंत होती. भिंतीला टेकून एक वडापावचा गाडा, एक पंक्चरवाला आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा फाटका फ्लेक्स. आत काय आहे याची चौकशी कुणी करायचं नाही. फक्त उन्हाळ्यात शेजारच्या बायका वॉचमनला सांगून आत शिरायच्या आणि दगडी पायऱ्यांवर कुरडया वाळत घालायच्या. त्याही पूर्वेच्या पायऱ्यांवरच. पश्चिमेच्या पायऱ्यांवर कुरडई कितीही ऊन खाऊ दे, दमट राहते, असं त्या एकमेकींना सांगायच्या. भांड्याला कल्हई लागत नाही किंवा दही विरजत नाही, तसं. त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही.

फार पूर्वी तिथं खरंच तळं होतं आणि काठाला उंबर होता. तळं आटलं, मग बुजवलं, मग त्या मऊ जमिनीवर तालमीतले पैलवान संध्याकाळी फुटबॉल खेळायला लागले. कोल्हापूरचं हे आक्रीतच आहे बघा, इथं पेठ तिथं तालीम, आणि तालीम तिथं फुटबॉलचा संघ. लाल मातीत अंग घुसळायचं आणि संध्याकाळी बॉलमागं धावायचं. उमरतळ्याची गॅलरी पेठेनं स्वतः दगड वाहून बांधली. मॅचच्या दिवशी हलगी, झांजेसारखं कैताळ, झेंडे आणि पायाखाली भुईमुगाच्या टरफलांचा खच. शेवटची फायनल झाली तळे तालीम आणि बुरूज तालमीत. बरोबरी होती. दुसऱ्या हाफमध्ये गॅलरीतून एक दगड आला, मग दगडच दगड. रेफ्री जीव घेऊन पळाला. शेवटची शिट्टी वाजलीच नाही. दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप लागलं ते लागलंच.

यंदाच्या उन्हाळ्यात कळलं की स्टेडियम पाडून तिथं बहुमजली पार्किंग होणार. आणि नेमकं त्याच वेळी तळे तालमीचं सरावाचं मैदान गवत लावायला बंद झालं. मग काय, तालमीचा कप्तान अमरसिंह कुठनं तरी परवानगी घेऊन आला. जेसीबी येईपर्यंत पोरांनी सकाळी उमरतळ्यावर सराव करायचा असं ठरलं.

"मीबी येतो," अनुजा म्हणाली.

"तू येऊन काय करणारैस?" तिच्या थोरल्या भावानं, राजवीरनं, बुटाची नाडी बांधत विचारलं.

"गोलीनं मैदान बघावं लागतंय. सर म्हणालेत."

"सरांना काय कामं न्हाईत," तो म्हणाला, पण गाडीवर मागं सरकून बसायला जागा ठेवलीच.

अनुजा नुकती दहावीत गेली होती आणि शाळेच्या मुलींच्या संघाची गोली होती. गेल्या वर्षापर्यंत तिचा आवाज वर्गात पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचा नाही. मग क्रीडाशिक्षकांनी तिला गोलात उभी केली आणि सांगितलं, "हात नंतर. आधी तोंड. गोलीचं तोंड बंद म्हणजे घराचं दार सताड उघडं." तेव्हापासून अनुजाचा आवाज सुटला तो सुटलाच. आता तिची हाक तीन गल्ल्या पलीकडं ऐकू जायची, आणि तिला स्वतःलाच त्याचं भारी कौतुक वाटायचं. पण तिला गोली खरं केली ती राजवीरनं. ती एवढीशी होती तेव्हापासून गल्लीत दोन चपला ठेवून तो डाव्या पायानं मारायचा आणि ती झेपावायची. त्याचा बॉल कुठल्या कोपऱ्यात येणार हे तिला त्याचा खांदा बघून कळायचं. जगात तिला एवढं नक्की दुसरं काहीच कळत नव्हतं.

राजवीरचं मात्र वर्ष वाईट चाललं होतं. बाहेरच्या क्लबांच्या निवडीत तो दोनदा नापास झाला होता. कागलच्या एमआयडीसीत कंत्राटावर मशीन पुसत होता. तालमीच्या संघातही तो आता राखीव होता, म्हणजे अकरा जण खेळायचे आणि तो पाण्याच्या बाटल्या राखत बसायचा. घरी पप्पा, उदयसिंह, फुटबॉलचा विषय निघाला की उठून जायचे. ते स्वतः एके काळचे तळे तालमीचे कप्तान. त्यांना एक विचित्र खोड होती, चालता चालता, जेवता जेवता मध्येच मान वळवून मागं बघायची. आई म्हणायची, मानेचा आजार आहे.

पहिल्या सकाळी गेट उघडलं ते गुरुसिद्ध आण्णांनी. म्हातारे वॉचमन, निपाणीकडचे. ते स्वतः कधी आत पाऊल टाकत नसत. गेटापाशी खुर्ची, खुर्चीवर ते.

"जावा. आणि जाताना सगळी जावा," एवढंच म्हणाले.

आत गुडघ्याएवढं वाळकं गवत, गंजके गोलखांब, आणि कसला तरी ओला वास. विहिरीत डोकावल्यावर येतो तसा. अनुजा आणि राजवीर पश्चिमेच्या पायऱ्यांवर बसले, कारण पूर्वेच्या गॅलरीची सकाळची लांब सावली तिथवर येत होती. बसल्या बसल्या अनुजा उठली.

"काय झालं?"

"गरम हाय दगड."

"ऊन लागलं असंल."

"इकडं ऊन आलंच न्हाय अजून." तिनं हात लावून बघितला. सगळ्या पायरीला नाही, एकेका माणसाच्या बसण्याएवढा तुकडा गरम, मग जरा थंड, मग पुन्हा गरम. बसमध्ये कुणी नुकतंच उठून गेलेल्या सीटवर बसावं तशी ऊब. पायाखाली टरफलं होती, आणि ती वाळलेली नव्हती.

खाली पोरं चाली बसवत होती. अकरा जण एका बाजूला, समोरचं अर्धं मैदान रिकामं.

"काय राजा, बसून बसून पायऱ्या झिजवालाइस," अमरसिंह खालून ओरडला.

"मग घे की आत."

"कुणाला काढू? मला काढू?"

पोरं हसली. राजवीरही हसला, तोंडानं. मग तो उठून खाली गेला आणि मधल्या रेघेपाशी उभा राहून समोरच्या रिकाम्या अर्ध्याकडं बघत राहिला.

"त्यांचा एक गडी कमी दिसालाय," तो म्हणाला. "मी जातो उसना."

ही रीत तालमींची, आणि फार जुनी. समोरचा संघ एका गड्यानं कमी पडला तर दहा जणांशी अकरांनी खेळायचं नाही. त्यात मर्दुमकी नाही. आपला राखीव गडी उसना द्यायचा, शेजारी साखरेची वाटी द्यावी तसा. कप्तानानं त्याचं नाव घेऊन द्यायचा. त्यानं जर्सी उलटी करून घालायची आणि आपल्याच पोरांविरुद्ध जीव तोडून खेळायचं. शेवटची शिट्टी झाली की ज्यानं दिला त्यानंच रेघेवर उभं राहून हाक मारायची, आमचा अमुक गडी द्या, आणि समोरच्यांनी तो पाठवायचा. उसना गडी कुणी ठेवून घेतला असं पेठेत ऐकिवात नव्हतं.

"जा की मर्दा," अमरसिंह म्हणाला, "रिकाम्या मैदानात तरी गोल मारशील."

नाव घेऊन दिला कुणीच नाही. सगळे हसत होते. राजवीरनं जर्सी काढली, उलटी केली, घातली आणि रेघ ओलांडली.

पहिल्या चालीला त्यानं अमरसिंहच्या पायातला बॉल सहज काढून घेतला आणि टाचेनं डावीकडं ढकलला, जिथं कुणी नव्हतं. बॉल गवतात मंदावला. मग वळला आणि राजवीरच्या पुढ्यात परत आला.

"उतार हाय तिकडं," कुणीतरी म्हणालं.

राजवीरनं पुन्हा दिला, लांब. या वेळी बॉल छातीच्या उंचीनं परत आला. उतार आहे असं कुणी म्हणालं नाही.

तो पळत सुटला. अनुजानं त्याला इतकं हलकं पळताना कधी बघितलं नव्हतं. त्यानं डाव्या पायानं मारला आणि गोल झाला, त्याच क्षणी अनुजाच्या खालची पायरी हादरली. आवाज काही नाही. नुसता हादरा, गॅलरी एकदम उठून उभी राहिल्यावर बसतो तसा. तिच्या पायाशी टरफलं घरंगळत खालच्या पायरीवर गेली.

"बास आजच्याला," अमरसिंह म्हणाला. शिट्टी कुणी मारली नाही. सरावाला कोण मारतंय?

गेटापाशी आण्णांनी विचारलं, "सगळी आली?"

"आली," म्हणत पोरं भराभर बाहेर पडली. शेवटी अनुजा, तिच्यामागं राजवीर. ती बाहेर पडली आणि आण्णांनी गेट ओढून कडी घातली. राजवीर आतच.

"ओ आण्णा, माझा भाऊ राहिला की."

"कुठं?"

"हा काय, समोर."

आण्णांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला. मग गेट उघडलं. "दिसलाच न्हाय बघ, तायी," ते कानडी हेलात म्हणाले, आणि उरलेला वेळ जमिनीकडं बघत राहिले.

त्या दुपारी आईनं तीन ताटं वाढली.

"राजाचं?" अनुजानं विचारलं.

"अगंबाई," आई हसली. "डोस्कं कुठं हाय माझं," म्हणत चौथं आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. तिसऱ्या दिवशी अनुजानं सांगितलं तेव्हा आई हसली नाही. ताट हातात धरून ती जरा वेळ थांबली, कुणासाठी घेतलं हे आठवायला थांबावं तशी.

तालमीची पोरं उमरतळ्यावर परत गेली नाहीत. कारण कुणी विचारलं नाही. राजवीर एकटा जायचा. सकाळी जायचा, ऊन चढल्यावर यायचा, पायाला ओला चिखल घेऊन. वैशाखात. जर्सी उलटीच असायची, झोपतानासुद्धा. कामावर जायचं त्यानं सोडलं, आणि कंपनीतून साधा फोनही आला नाही. त्याची गाडी दारात होती, तर समोरच्या दुकानदारानं येऊन विचारलं, ही बेवारस गाडी कुणी लावली.

एका सकाळी अनुजानं त्याला दारात अडवलं.

"जर्सी सरळ कर."

"मॅच संपली न्हाय अजून."

"कसली मॅच? कोण हाय तिथं?"

तो उंबऱ्यावर बसला. चेहरा निवांत होता, आणि तिला भीती वाटली ती त्या निवांतपणाचीच. "तिथं मला पास मिळतोय गं, अनु," तो म्हणाला. "डावीकडनं पळालो की बॉल पायात येऊन पडतोय. मागावा लागत न्हाय. इथं मी ओरडून ओरडून मेलो, कुणी दिला का एकदा तरी?"

"मी देतो की."

"तू गोली हाईस. तू अडवायचं असतंय."

"पण कोण देतंय तिथं?"

त्यानं विचार केला. "नावं न्हाईत विचारली," तो म्हणाला आणि गेला.

रविवारी पप्पा अंगणात गाडीची चेन साफ करत होते. अनुजा समोर जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. गरम पायऱ्या, परत आलेला बॉल, उलटी जर्सी. उसना हा शब्द आला तेव्हा पप्पांच्या हातातला पाना थांबला.

"आम्हीबी दिलता एक," ते म्हणाले. "त्या फायनलला. बुरूजवाल्यांचा गडी पाय मोडून बाहेर गेला. त्यांच्याकडं राखीव न्हवता. मी कप्तान. आमच्यातल्या एकाला म्हटलं, जा."

"फायनलला?"

"रीत ती रीत."

"मग?"

"मग दगडं पडली. शिट्टी झाली न्हाय. मी मागितला न्हाय. दुसऱ्या दिवशी कुणाला मागायचं, हेच डोस्क्यात न्हवतं."

"कोण होता?"

पप्पांनी मान वळवून मागं बघितलं. मागं तुळस होती आणि भिंत.

"माझ्या मागं खेळायचा," ते म्हणाले. "ल्हानपणापास्नं. आमच्याच घरात जेवायचा, असं वाटतंय. तोंड आठवाय गेलो की पांढरं दिसतंय सगळं. पण कोणतरी होता. अजून मागनं हाक येईल असं वाटतंय."

गोलीनं गळपटायचं नसतं. "मग आपण मागू," ती म्हणाली. "तुम्ही चला. रेघेवर उभं राहून राजाला मागू."

"कोण राजा?" पप्पांनी विचारलं.

पाना त्यांच्या हातातून पडला. तो खाली पडेपर्यंतच्या वेळात त्यांना कळलं आपण काय विचारलं ते. त्यांनी तेलकट हातांनी तोंड झाकलं. अनुजानं बापाला रडताना पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्याच दिवशी जेसीबी येणार होता. सकाळी पप्पांची जुनी शिट्टी घेऊन दोघं निघाले तेव्हा आईनं विचारलं, "कुठं?"

"राजाला आणायला," अनुजा म्हणाली. रात्रभर ती ते नाव अधूनमधून मोठ्यानं म्हणत होती, दिव्यात तेल घालावं तसं.

"बरं," आई म्हणाली. शेजारच्या कुणाचं नाव ऐकावं तशी.

उमरतळ्याच्या भिंतीशी जेसीबी उभा होता आणि ड्रायव्हर गाड्यावर चहा पीत होता. आण्णांनी गेट उघडलं. आत लख्ख ऊन. पश्चिमेच्या पायऱ्या वरपासून खालपर्यंत ओल्या. आणि पलीकडच्या अर्ध्यात राजवीर खेळत होता. बॉल त्याच्या पायातून सुटायचा, हवेत वळायचा, परत यायचा. तो कुणाला तरी हात दाखवत होता. कुणाच्या तरी अंगावर आदळून सावरत होता.

पप्पा मधल्या रेघेवर उभे राहिले. चुन्याची रेघ कधीच पुसली होती, पण त्यांचे पाय बरोबर तिथं थांबले.

"आमचा गडी द्या," ते म्हणाले. नाव घ्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"राजवीर," अनुजा ओरडली. तीन गल्ल्या पलीकडं जाणारी हाक. ती रेघेपर्यंत गेली आणि विझली. भिंतीवरून परतसुद्धा आली नाही.

पण राजवीर थांबला. त्यानं वळून बघितलं. अनोळखी माणसांकडं बघावं तसं, मायेनं.

"मला कुणी दिलता?" त्यानं विचारलं.

"आम्ही. तालमीनं दिलता," पप्पा म्हणाले.

"न्हाय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी आपला आपणच आलो. नाव घेऊन कुणी दिला न्हाय. मग मला मागायचं कुणी?"

याला रीतीत उत्तर नव्हतं.

अनुजा पळत अलीकडच्या गोलात गेली. तिला एकच सुचलं. त्या फायनलची बरोबरी सुटली नाही म्हणून मॅच संपत नाही. पहिल्या सकाळच्या गोलाला शिट्टी नव्हती; आता गोल झाला आणि वर शिट्टी वाजली तर संपेल. जगातल्या कुठल्याही गोलीला जे सुचू नये तेच तिला सुचलं.

"मार," ती ओरडली. "राजा, मार."

तो आला. डावीकडनं. त्याच्या आजूबाजूला गवत वाकत होतं, अनेक पायांखाली वाकावं तसं. त्याचा खांदा पडला आणि तिला कळलं, डावा कोपरा, खाली. तिचं सगळं अंग त्या बाजूला ओढलं गेलं. गल्लीतली सगळी वर्षं त्या बाजूला ओढली गेली.

तिनं हात पाठीमागं धरले आणि उभी राहिली.

बॉल आत गेला. भिंतीवर आपटून थांबला.

"शिट्टी, पप्पा."

पप्पांनी शिट्टी तोंडात धरली. गाल फुगले, मानेच्या शिरा फुगल्या. शिट्टीतला दाणा थरथरताना तिला दिसला.

आवाज आला नाही.

राजवीर दोन्ही हात वर करून पश्चिमेच्या पायऱ्यांकडं धावत होता. पायऱ्या हादरल्या. त्याचे केस कुणीतरी विस्कटले. त्याला कुणीतरी उचललं. त्याचे पाय जमिनीपासून सुटले. तो हसत होता. असा तो घरात कधीच हसला नव्हता.

मग बॉल भिंतीपासून आपोआप घरंगळत निघाला. अनुजाच्या पायाजवळून गेला. मैदानाच्या मध्यावर जाऊन थांबला.

पुढचा डाव.

बाहेर जेसीबी सुरू झाला. गेटातून ड्रायव्हर ओरडला, "आत कोण हाय का? या बाहेर, भिंत पाडालोय."

पप्पा तिचा हात धरून ओढत होते. ती मागं वळून बघत चालली होती. पलीकडच्या अर्ध्यात ऊन इतकं होतं की गवतसुद्धा पांढरं दिसत होतं.

"आजून कोण राहिलंय?" ड्रायव्हरनं विचारलं.

पप्पांनी मान वळवली. बराच वेळ मागं बघितलं.

"न्हाय," ते म्हणाले.

"हाय," अनुजा म्हणाली. "हाय की."

"कोण?"

तिनं तोंड उघडलं. घसा भरून हाक तयार होती, जोर होता, श्वास होता. ड्रायव्हर वाट बघत थांबला. भला माणूस होता, त्यानं इंजिनसुद्धा बंद केलं. आण्णा खुर्चीवरून उठून उभे राहिले. ती तशीच उभी राहिली, तोंड उघडं ठेवून, आणि तिच्या गालांवरून पाणी का वाहतंय ते तिथल्या कुणालाच कळेना. मग हळूहळू तिलाही.

पावसाळा गेला. भिंतीच्या जागी काँक्रीटचे खांब उभे राहिले. शाळेच्या सामन्यांत अनुजाच्या संघानं चांगला खेळ केला. सर म्हणाले, पोरगी डाव्या कोपऱ्यातला बॉल कधीच सोडत नाही, हे कुणी शिकवलं हिला? अनुजा म्हणाली, आपोआप येतंय.

भाऊबीजेला आईनं संध्याकाळी निरांजन लावून ताट तयार केलं.

"जा, गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळून ये," ती म्हणाली. "भाऊ न्हाय त्यांनी चंद्राला ओवाळावं. तुझी ही दरवर्षाची रीत."

अनुजा गच्चीवर गेली. पश्चिमेला, पार्किंगच्या खांबांच्या वर, नखाएवढी चंद्रकोर होती. वारा नव्हता. तिनं ताट गोल फिरवलं. मग अनामिकेवर कुंकू घेतलं आणि हात लांब करून चंद्राच्या दिशेनं धरला.

बोट हवेत थांबायला हवं होतं. ते टेकलं.

तिनं हात मागं घेतला. बोटावर कुंकू नव्हतं. बोट ओलं होतं आणि कोमट. तिनं ते नाकाशी नेलं. घाम होता, नुकत्याच पळून आलेल्या माणसाचा.

"ओवाळलंस?" आईनं खालून विचारलं.

"व्हय," अनुजा म्हणाली. बोट तिनं ओढणीला पुसलं, ताट उचललं आणि खाली गेली.